पिवळ्या कागदाखाली

साकाता
९ एप्रिल १९८८

प्रिय इत्सुए,

पत्राची सुरुवात ऋतूच्या चार गोड ओळींनी करायची आपली रीत. पण साकातात सध्या वारा सोडून दुसरा ऋतू नाही, तेव्हा ते राहू दे. तुझं कार्ड मिळालं. छापील! सहा वर्षं एकाच कार्टून कंपनीत शेजारच्या टेबलावर बसून माझाच खोडरबर झिजवलास, आणि आता मला छापील कार्ड पाठवतेस होय गं? "आम्ही उभयतांनी स्टुडिओ हातोबुए या नावाने कार्टूनपटांच्या निर्मितीस प्रारंभ केला असून..." मला आधी वाटलं, शेजारच्यांचं कार्ड पोस्टमनने चुकून आमच्याकडे टाकलं.

अभिनंदन. मनापासून करते आहे, म्हणजे निम्म्या मनापासून. उरलेलं निम्मं काल दिवसभर चहाच्या पुड्या बांधत धुमसत होतं. तुझा नवरा कात्सुनोबु दिग्दर्शक, तू चित्रांची प्रमुख, तोक्योच्या कामी-इगुसात तोफूवाल्याच्या वरच्या दोन खोल्या आणि दारावर पाटी. लग्न करून इथे आले नसते तर त्या पाटीखाली मीही उभी असते, असं पुडी बांधता बांधता वाटून गेलं. तीन वर्षांत मी या दुकानात काय शिकले विचारशील तर एवढंच, की लोक प्यायला चहा फार कमी नेतात. अंत्यविधीला येऊन गेलेल्यांना परतभेट म्हणून चहाचे डबे द्यावे लागतात, आमचं घर त्यावर चालतं. गावात कुणी गेलं की सासूबाई आधी हळहळतात आणि मग फडताळातले डबे पुरतील का ते बघून येतात.

आता मुद्द्याचं. मला काम दे. मुख्य चित्रं काढून कुरिअरने पाठवीन. दुकानामागच्या खोलीत टेबल मावतं, मापून बघितलंय. नवऱ्याची हरकत नाही. सासूबाईंची आहे, पण ती सगळ्यालाच असते. आपल्या दोघींत हात कुणाचा चांगला होता ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, म्हणून ते इथे लिहीत नाही.

तुझी,
चिगुसा


तोक्यो
२ मे १९८८

प्रिय चिगुसा,

बाई बाई, काय ती जीभ! चहाच्या दुकानात राहून गोड होईल असं वाटलं होतं, ती आणखीच तिखट झालेली दिसते. छापील कार्डाबद्दल माफ कर. दोनशे जणांना पाठवायची होती. तुझ्या कार्डावर मी हाताने दोन ओळी लिहिणार होते, राहून गेलं.

काम पाठवते आहे. आम्हाला टीव्हीची मालिका मिळाली आहे, ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी. नदीवरच्या तरीत राहणारा एक कुत्रा, नाव गोम्पेई. हसू नकोस. खेळणी बनवणाऱ्या कंपनीला कुत्राच हवा होता. चौथ्या भागातले तीस शॉट तुला दिले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून रुसवेफुगवे नकोत. आठ जण आठ हातांनी चित्रं काढणार, पडद्यावर मात्र तो कुत्रा एकाच आईचा दिसायला हवा. त्यामुळे प्रत्येकाच्या चित्रावर मी पिवळा कागद ठेवून दुरुस्त्या करणार, आणि पुढे तो पिवळा कागदच धरला जाणार. तुझ्याही चित्रांवर ठेवणार. मैत्री टेबलाबाहेर. राग मानू नकोस.

सासूबाईंना नमस्कार. इकडे कात्सुनोबु वेड लागल्यासारखा काम करतो. आम्ही जेवायलासुद्धा एकमेकांकडे बघत नाही. मी इतकी सुखात कधीच नव्हते.

इत्सुए


साकाता
२४ ऑक्टोबर १९८८

प्रिय इत्सुए,

काल सकाळी चौथा भाग पाहिला. नवऱ्याने दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. सासूबाई, शेजारच्या निशिवाकीबाई, त्यांची दोन नातवंडं, सगळी टीव्हीसमोर मांड्या घालून बसली. मीच बोलावलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

भाग संपला. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो. यातलं तुझं कुठलं?"

मला सांगता येईना, इत्सुए. शॉट माझे होते, तो धक्का, तो दोर, ती म्हातारी, सगळं मी काढलेलं. पण म्हातारीचं तोंड तुझं, तिचे हात तुझे, कुत्र्याची शेपटीसुद्धा तू काढतेस तशी डावीकडे वळलेली. मी म्हटलं, "तो दोर माझा आहे." निशिवाकीबाई म्हणाल्या, "दोर अगदी खरा वाटतो." शेवटी नावं आली, त्यात माझं अकरावं. नातवंडांनी ते बघेपर्यंत गेलं.

तुझं काम फर्मास आहे, हे लिहिताना माझी बोटं वाकडी होतायत. पण आहे. एवढं चांगलं काढशील असं सहा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. तीच पेन्सिल, तोच कागद, मग मी इथे डबे गुंडाळायचे आणि तू तिथे माझ्यावर पिवळे कागद घालायचे, हा न्याय कुठला? जळते मी तुझ्यावर. तोंडावर सांगायची सोय नाही म्हणून पत्रात सांगते.

पुढचे शॉट पाठव. काय वाट्टेल ते दे, दोर दे नाहीतर दगड दे.

चिगुसा


तोक्यो
३ जुलै १९८९

प्रिय चिगुसा,

फार दिवसांनी लिहिते आहे. वेळ मिळत नाही, हे वाक्य तुला आवडणार नाही, पण खरं आहे. गोम्पेई चालला! खेळण्यांच्या दुकानात पुढच्या फळीवर तोच, मुलांच्या डब्यावर तोच. परवा स्टेशनवर एका पोराच्या टोपीवर मी काढलेली शेपटी पाहिली आणि तिथेच उभी राहिले, गाडी चुकली. दोन मासिकांनी मुलाखत घेतली. फोटोत कात्सुनोबु झोपलेला दिसतो आणि मी माझ्या आईसारखी दिसते.

आता पंचेचाळीस माणसं आहेत. तोफूवाल्याच्या वर इतके पाय मावेनात. त्याच्या छतातून माती पडायला लागली तेव्हा त्याने हात जोडले. आम्ही जागा घेतो आहोत, तीन मजली इमारत होईल. बँकेतला माणूस स्वतः येऊन म्हणाला, "साचो, घ्या." मला साचो म्हणाला, म्हणजे मालक! कात्सुनोबु खोलीतच होता, तरी माझ्याकडे बघून म्हणाला.

उन्हाळ्याची भेट म्हणून खरबूज पाठवलं आहे. पोचल्याचं कळव.

मधे पित्ताच्या खड्यांसाठी मला दोन आठवडे दवाखान्यात राहावं लागलं. आता बरी आहे.

इत्सुए


साकाता
१६ जुलै १९८९

प्रिय साचो,

खरबूज पोचलं. सोबत चिठ्ठी होती, "पुरवठादारांस, सस्नेह." म्हणजे रंगाच्या बाटल्या पुरवणारा, कागद पुरवणारा आणि मी. खरबूज मात्र गोड होतं. सासूबाईंनी साल खरवडून लोणचं घातलं आणि "तुझी मैत्रीण मोठी माणूस आहे हो," असं तीनदा म्हणाल्या.

दवाखान्यातलं तू अगदी शेवटी एका ओळीत उरकलंस. का, ते मला कळलं. तू नव्हतीस त्याच दोन आठवड्यांत एकतिसावा भाग हातावेगळा झाला ना? धक्क्यावर गोम्पेई मालकाची वाट बघतो तो. माझे बावन्न शॉट, आणि वर एकही पिवळा कागद नाही! कुणाला घालायची हिंमत झाली नसेल, किंवा वेळ नसेल. जसं मी काढलं तसं गेलं.

या महिन्याच्या मासिकात वाचकांचं पान तू वाचलं असशीलच. तरी उतरवून पाठवते, तोक्योत अंक लवकर संपतात म्हणे. "एकतिसाव्या भागातला कुत्रा पहिल्यांदा कुत्र्यासारखा वाटला." नागासाकीची बाई. "हा भाग कुणी काढला? यापुढे सगळे त्यांनाच द्या." कोचीचा एक न्हावी. एकूण सहा पत्रं आहेत, पण सगळी लिहून तुझा जीव खात नाही.

मी तो अंक दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलाय. गिऱ्हाइकं शोकात असतात, त्यांना काय त्याचं, पण मी ठेवलाय. आता सांग, पुढचा अख्खा भाग मला देतेस का? पिवळ्या कागदाशिवाय?

तुझी पुरवठादार,
चिगुसा


तोक्यो
२७ फेब्रुवारी १९९०

चिगुसा,

उत्तराला उशीर झाला. इमारतीत राहायला गेलो. तळमजल्यावर रंगकाम, वर चित्रं, तिसऱ्यावर आम्ही. लिफ्टही आहे.

वाचकांच्या पानाचं म्हणशील तर ते लिहिणाऱ्यांना चित्रातलं काही कळत नाही. एकतिसाव्या भागातला कुत्रा बाकीच्या भागांतल्या कुत्र्यापेक्षा वेगळा दिसत होता, आणि वेगळं दिसणं ही आमच्या धंद्यात चूक समजतात. खेळण्यांच्या कंपनीने तक्रार केली. दुकानातला कुत्रा हसरा आहे, हा असा का म्हणून. ती निस्तरायला मला जावं लागलं.

यापुढे गावोगावी शॉट पाठवायचे नाहीत असं ठरलं आहे. सगळं काम एका छताखाली करणार. तेव्हा तुला पाठवण्यासारखं काही नाही.

आणखी एक सांगायचं आहे, तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आम्ही चित्रपट काढतो आहोत. गोम्पेईची टोपी विकली, डबा विकला, चादर विकली, त्यातलं आम्हाला काही मिळत नाही. हक्क सगळे टीव्हीवाल्यांचे आणि खेळणीवाल्यांचे. आम्ही ठरलेल्या मजुरीवर चित्रं काढणारे. लोकांना वाटतं, कुत्रा आमचा. तेव्हा हा चित्रपट स्वतःच्या पैशाने करायचा, मग तो आपलाच राहील. डोंगरातून बैलावर मीठ वाहून नेणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. शेवटी ती घरी येते, मुलगा परत येणार नाही हे तिला कळलेलं असतं, आणि ती उंबऱ्यावर बसून पायातले गवताचे जोडे सोडते. बस, एवढंच. चार मिनिटं कुणी बोलत नाही. त्या चार मिनिटांवर सगळा चित्रपट उभा आहे.

तो शेवट मी स्वतः काढणार आहे.

इत्सुए


साकाता
११ नोव्हेंबर १९९४

प्रिय इत्सुए,

साडेचार वर्षं आपण नवीन वर्षाच्या कार्डांवर काढली. तुझी छापीलच होती. मी मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा असे त्या त्या वर्षाचे प्राणी हाताने काढून पाठवले, ते तुझ्या संग्रहात असतील किंवा कचऱ्यात.

आज मुद्दाम लिहिते. परवाच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी होती. "चित्रपट तिसऱ्यांदा लांबणीवर, हातोबुए अडचणीत." जमिनीचे भाव पडले, इमारत घेतली त्याच्या निम्म्यावर आली, बँक तगादा लावते, असं लिहिलं होतं. ज्या बँकेने साचो, साचो केलं तीच ना? खोटं असेल, वर्तमानपत्रवाले काहीही लिहितात. मी मात्र बातमी दोनदा वाचली आणि दुपारचा भात जरा जास्त जेवले, हे लपवत नाही. वाईट आहे मी. पण तू मला दारातून हाकललंस, ती काही धंद्याची गरज नव्हती गं. सहा पत्रांची भीती होती.

मीही काही इथे राणी नाही. नवरा बरा आहे. सासूबाईंचे गुडघे गेले, आता गल्ल्यावर मीच बसते. काल एक बाई आली होती, आठच दिवसांपूर्वी नवरा गेलेली. परतभेटीसाठी नावांची यादी कापडी गाठोड्यात बांधून आणली होती. गाठ सुटेना. बोटं हलत होती, गाठ तशीच. मी पुढे होऊन सोडणार होते, पण तिने हात असा धरला की माझी छाती झाली नाही. वीस मिनिटं रांग खोळंबली. असली गिऱ्हाइकं सांभाळत दिवस जातात.

तो शेवट काढून झाला का?

चिगुसा


तोक्यो
२२ डिसेंबर १९९५

चिगुसा,

तुझ्या पत्राला वर्षभर उत्तर दिलं नाही. राग आला होता. शेवटचा प्रश्न वाचून जास्त आला.

नाही झाला. अकरा वेळा काढला. पहिल्यांदा ती बाई रडली, म्हणून फेकला. मग रडली नाही, पण रडू आवरते आहे असं दिसलं, तोही फेकला. मग नुसतीच बसली, तर कात्सुनोबु म्हणाला, ही दमलेली दिसते, दुःखी दिसत नाही. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. तीन चांगली माणसं त्यावरून भांडून गेली. बाकीच्यांच्या शॉटवरही मी पिवळे कागद घालत राहिले, परत परत, एकेका चित्रावर चार चार. लोक म्हणायचे, साचो, वेळ जातोय. मला वाटायचं, दुसऱ्याचा हात दिसला तर चित्रपट माझा कसला. पंचेचाळीस माणसांची नऊ राहिली आहेत. लिफ्ट बंद करून ठेवली आहे.

शेवटचे चाळीस शॉट सोबत पाठवते आहे. नुसत्या चौकटी आहेत, आत काही नाही. वीस जानेवारीपर्यंत हवेत. त्या दिवशी वितरकाला दाखवायचं आहे. दाखवू शकलो तर मार्चमध्ये चित्रपटगृह मिळेल, नाहीतर सगळं संपलं.

तूच काढ. मी विनवते आहे असं समज. हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले.

इत्सुए


साकाता
३१ जानेवारी १९९६

इत्सुए,

चाळीस शॉट पाठवते आहे. उशीर झाला, माफ कर. इथे बर्फाने कहर केला, रस्ते बंद, कुरिअरची गाडी बारा दिवस आली नाही. फोन करणार होते, पण फोनच्या तारांचंही काही खरं नव्हतं. वेळेत पोचलं असेल अशी आशा आहे. म्हणजे नसेलच पोचलं. तरी बघ.

चिगुसा


साकाता
८ सप्टेंबर १९९६

प्रिय इत्सुए,

फेब्रुवारीत तुमच्या वकिलाची छापील नोटीस आली. "हातोबुए या संस्थेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला असून..." तेव्हापासून सात महिने मी हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. तुझा पत्ता आपल्या जुन्या कंपनीतल्या हिशोबनीसबाईंकडून मिळवला. त्यांनी सांगितलं, कात्सुनोबु गिफूला भावाच्या रोपवाटिकेत गेला आणि तू एकटी एका खोलीत राहतेस.

बर्फ पडला होता, पण गाडी रोज येत होती. एक दिवस अर्धा तास उशिरा आली, तेवढंच.

शॉट अठरा जानेवारीला तयार होते. नवऱ्याला दुकानावर बसवून, सासूबाईंची बोलणी खाऊन मी ते काढले. आणि बरे झाले होते, इत्सुए. आयुष्यात माझ्याकडून तसं काम झालं नव्हतं. पार्सल बांधलं, पत्ता घातला, आणि चहाच्या कपाटात ठेवून दिलं. म्हटलं, वीस तारीख उलटू दे. एकदा तरी फोन करू दे. दोन दिवस लागले म्हणतेस ना विनवायला, आणखी दोन लागू देत. पावणेसहा वर्षं मी तुझ्या पार्सलची वाट बघितली होती, आता तू माझ्याची बघ. रोज कुरिअरवाला दारात यायचा, "आज काही आहे का?" आणि मी म्हणायची, "नाही हो." बारा दिवस. मग भीती वाटली आणि पाठवून दिलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चाळीस पाकिटांवर काढणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो, तोही कोरा ठेवला. म्हटलं, ही त्यावर पिवळा कागद घालणारच, नाव कशाला.

तुझा स्टुडिओ मी बुडवला. पंचेचाळीस माणसांचं काम, तुमचा चित्रपट, तुझा संसार. मत्सराने माणूस काय करतं ते लोक सांगतात, मी करून बघितलं. क्षमा कर असं म्हणायला तोंड नाही. तू काय वाट्टेल ते लिही, मी वाचीन.

शॉट कसे काढले ते मात्र तुला सांगणार नाही. सगळं कबूल केलं, तेवढं एक माझ्यापाशी राहू दे.

चिगुसा


तोक्यो
१९ नोव्हेंबर १९९६

चिगुसा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा संतापले. तू समजतेस त्या कारणासाठी मात्र नाही.

बर्फाचं खोटं मला तेव्हाच कळलं होतं. बावीस जानेवारीला मी साकाताच्या कुरिअर कचेरीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "एकही दिवस बंद नाही, बाईसाहेब, आम्ही काय नवशिके आहोत?" तुला फोन केला नाही, कारण तू माझ्या फोनची वाट बघत असशील हे मला ठाऊक होतं. म्हटलं, बघत बस.

आता नीट वाच. स्टुडिओ तू बुडवला नाहीस. पंधरा डिसेंबरला बँकेने शेवटचं नाही म्हटलं. वितरक तर त्याआधी, ऑगस्टमध्येच निघून गेला होता. तुला पार्सल पाठवलं बावीस डिसेंबरला, म्हणजे सगळं संपल्यावर सात दिवसांनी. वीस जानेवारी, वितरक, मार्चमधलं चित्रपटगृह, सगळी थाप. तारीख घातली नसती तर तू वर्षभर काढत बसली असतीस. तुला मी ओळखते.

हातोबुए बुडाला तो माझ्या पिवळ्या कागदांनी आणि त्या तीन मजल्यांनी. आठ वर्षं राबून मी तो वर नेला आणि मीच खाली आणला. त्यात बारा दिवस पार्सल दाबून ठेवून तू वाटा मागायला येतेस? एवढं श्रेय मी तुला देणार नाही.

मग शॉट का मागवले? मला बघायचं होतं. अकरा वेळा जमलं नाही, ते तू कसं काढतेस ते बघायचं होतं. आणि मनातून वाटत होतं, तुलाही जमणार नाही. तेवढं एकदा दिसलं असतं तर स्टुडिओ गेल्याचं मला निम्मंच दुःख झालं असतं.

पार्सल आलं तेव्हा इमारतीत मी एकटी होते. वीज तोडली होती, चित्रं खालून उजळणारं टेबल बंद. मी कागद खिडकीच्या काचेला लावून बघितले. तुझी ती बाई उंबऱ्यावर बसते आणि जोड्याची गाठ सोडायला जाते. बोटं हलतात, गाठ सुटत नाही. ती रडत नाही, दमलेलीही नाही. आणि मग ती सोडायची थांबते, जोडे तसेच पायात ठेवून बसून राहते. गोष्टीत लिहिलं होतं जोडे सोडते. तू ते बदललंस, मला न विचारता!

मी पिवळा कागद घेतला. तुझ्या चित्रावर ठेवला. काचेवर हात गारठले, पेन्सिल टेकवून तासभर उभी राहिले. एक रेष काढता आली नाही गं. कुठे काढू?

न्यायालयाने नेमलेल्या वकिलाने उन्हाळ्यात सगळं सामान यादी करून विकलं. चित्रपट एका दुसऱ्या कंपनीने घेतला, ते पुरा करणार आहेत. यादी करताना तो मला म्हणाला, "या चाळीस पाकिटांवर नाव नाही, ही कुणाची?" पेन माझ्या हातात होतं. मी खोटं सांगत नाही, 'इ'चा पहिला फटकारा मी त्या रकान्यात ओढला होता. मग तो खोडला आणि चाळीसही पाकिटांवर तुझं नाव लिहिलं. प्रामाणिकपणाने लिहिलं असं समजू नकोस. धंद्यातल्या कुणीही ती चित्रं बघून ओळखलं असतं की हा इत्सुएचा हात नाही. माझं नाव त्यांच्यावर टिकलं नसतं, हे मला अजून सहन होत नाही.

नव्या कंपनीने मला बोलावलं. म्हणाले, शेवटच्या प्रसंगावर पिवळे कागद तुम्हीच घाला, तुमचंच ते. मी नाही म्हटलं. म्हटलं, मला मधली चित्रं द्या. ते संकोचले. माझ्या वयाच्या बाईला, एके काळच्या मालकिणीला, अठरा वर्षांच्या पोरींचं काम कसं द्यायचं? मी हटून बसले तेव्हा दिलं.

तेव्हा सध्या माझं काम असं आहे. तुझं एक चित्र एका बाजूला, पुढचं दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या मधलं मी काढायचं. रेषेला रेष जुळवून, स्वतःचं काही न घालता. सकाळी नऊला बसते, संध्याकाळी उठते. त्या बाईच्या उजव्या हाताच्या बोटांवर महिना गेला, आता डावा हात घेतला आहे.

ती बोटं तशी का हलतात ते मला अजून कळलेलं नाही. एक दिवस कळेल. कळलं तरी तुला सांगणार नाही.

इत्सुए